शस्त्रांच्या खर्चातून भाकर मागणारे पोप : संत सहावे पॉल



दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपल्या पूर्णेत सकाळीच झेंडावंदन होते. मुले धुतलेला गणवेश घालून शाळेकडे निघतात आणि घरातली म्हातारी माणसे रझाकारांच्या गोष्टी पुन्हा एकदा सांगतात. १९४८ साली १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपला परभणी जिल्हा त्या संस्थानातच होता. म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर तेरा महिन्यांनी ते आपल्यापर्यंत पोचले आणि ते आणले सैन्याने. त्याआधी अनेक मराठवाडेकरांनी तुरुंगवास भोगला, बलिदान दिले, हेही खरेच. पण शेवटचा निकाल रणगाड्यांनी लावला.

दुसरीकडे प्रत्येक मिस्साबलिदानात आपण शेजाऱ्याला शांती देतो आणि जगातील युद्धे थांबावीत म्हणून प्रार्थना करतो. मग एखाद्या घरचा मुलगा सैन्यभरतीसाठी धावण्याचा सराव करू लागला, की आईच्या मनात शंका येते. पाचवी आज्ञा तर माणसाला मारू नये असे सांगते, मग माझ्या मुलाने हातात बंदूक घ्यावी की नाही? हा प्रश्न आम्हाला साधा वाटत नाही. ज्यांना हा प्रश्न आयुष्यभर पुरला, अशा एका पोप महोदयांचे चरित्र म्हणूनच या रविवारी आपल्यापुढे ठेवत आहोत. ते आपल्या महाराष्ट्रात येऊन गेले आहेत आणि आपल्या धर्मप्रांताशीही त्यांचा संबंध आहे. तो कसा, हे शेवटी येईलच.

त्यांचे मूळ नाव ज्योव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी. इटलीतील ब्रेशिया शहराजवळच्या कोंचेझिओ या गावी २६ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जॉर्जो वकील होते आणि एका कॅथलिक वर्तमानपत्राचे संपादकही. पुढे ते संसदेवर निवडून गेले. आई ज्युदिता धर्मपरायण आणि वाचनाची आवड असलेली होती. तिघा भावांमध्ये हे मधले. लहानपणापासून प्रकृती तोळामासा, त्यामुळे धर्मगुरूपदाचे बरेचसे शिक्षण त्यांना घरी राहूनच घ्यावे लागले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते आणि त्यांच्या पिढीची मुले आघाडीवर जाऊन मरत होती. २९ मे १९२० रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

रोमला पुढील शिक्षण झाल्यावर १९२३ साली काही महिने त्यांनी पोलंडमधील पोपच्या वकिलातीत काम केले, पण तेथील थंडी त्यांच्या प्रकृतीला मानवली नाही. परत आल्यावर कॅथलिक विद्यार्थी संघटनेचे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तो मुसोलिनीचा काळ होता. फॅसिस्टांच्या टोळ्या या विद्यार्थ्यांच्या सभा उधळून लावत, त्यांना मारहाण करत. १९३१ साली तर सरकारने कॅथलिक युवक संघटना बंदच करून टाकल्या. वडिलांची खासदारकीही याच राजवटीत गेली. दंडेलशाही म्हणजे काय हे मोंतिनींना पुस्तकातून शिकावे लागले नाही. निजामाच्या राज्यात ज्यांच्या वाडवडिलांनी दिवस काढले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९३७ साली व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात त्यांच्यावर मोठी जबाबदारी आली. ऑगस्ट १९३९ मध्ये युरोपात युद्धाचे ढग जमले, तेव्हा पोप बारावे पायस यांनी जगाला रेडिओवरून आवाहन करण्याचे ठरवले. ते २४ ऑगस्टला प्रसारित झाले. त्याचा मसुदा मोंतिनींनी तयार केला होता. शांतता राखली तर कोणाचेच काही जात नाही, युद्धात मात्र सर्वस्व जाऊ शकते, असा त्याचा आशय होता. आठवडाभरातच, १ सप्टेंबरला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला.

युद्ध थांबवता आले नाही. मग व्हॅटिकनने जे काम हाती घेतले त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. युद्धकैदी आणि बेपत्ता माणसांची चौकशी करणारे एक कार्यालय पोप महोदयांनी सुरू केले आणि त्याची धुरा मोंतिनींवर सोपवली. माझा मुलगा आफ्रिकेत लढायला गेला होता, त्याचे पत्र येत नाही, तो जिवंत आहे का? नवरा कोणत्या छावणीत आहे? अशी पत्रे पोत्यांनी येत. सिस्टर्स, धर्मगुरू आणि स्वयंसेवक बसून नावांची कार्डे तयार करत, देशोदेशीच्या पोपच्या वकिलातींना तारा करत. व्हॅटिकन रेडिओवरून कैद्यांची नावे तासन्‌तास वाचून दाखवली जात. १९३९ ते १९४७ या काळात या कार्यालयाकडे सुमारे एक कोटी विचारणा आल्या. पत्र पाठवणाऱ्याचा देश कोणता, तो कोणत्या बाजूचा, हे पाहिले जात नसे.

जरा विचार करा. एखाद्या माणसाच्या टेबलावरून वर्षानुवर्षे अशी पत्रे गेली, तर युद्ध हा शब्द ऐकताच त्याच्या डोळ्यांसमोर नकाशा आणि बाण येतील की त्या आया येतील? मोंतिनींचे पुढचे सगळे बोलणे या टेबलावरून आले, अशी आमची समजूत आहे.

१९ जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी रोमवर बाँब टाकले. सान लोरेन्झो ही कामगारांची आणि रेल्वेची वस्ती. मालधक्का, यार्ड आणि त्याला लागून गरिबांच्या चाळी. रेल्वेवर नेम धरला होता, मेली मात्र शेजारची माणसे, आणि तीही हजाराहून अधिक. पोप बारावे पायस लगोलग त्या ढिगाऱ्यांमध्ये गेले तेव्हा मोंतिनी त्यांच्याबरोबर होते. पूर्णा हे जंक्शनचे गाव. यार्डाला लागून राहणे म्हणजे काय हे आपल्यातील कितीतरी कुटुंबांना माहीत आहे. बाँब टाकणाऱ्यांची बाजू हिटलरविरोधी, म्हणजे न्यायाची होती. तरीही त्या चाळीतल्या पोरांचा काय अपराध होता, हा प्रश्न उरतोच.

आणि आपली मराठी माणसेही त्याच इटलीत लढत होती! मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्याच टायबरच्या काठी, खाली, रोम वसले आहे. अहमदनगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाचा मरणोत्तर.

युद्धानंतरचा काळ आम्ही भराभर सांगतो. १ नोव्हेंबर १९५४ रोजी मोंतिनींची मिलान शहराचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली. ६ जानेवारी १९५५ रोजी भर पावसात ते शहराच्या वेशीवर उतरले आणि ओल्या जमिनीचे त्यांनी चुंबन घेतले. तेथे कारखान्यांत जाऊन कामगारांना भेटणारे आर्चबिशप अशी त्यांची ओळख झाली. पोप तेविसावे जॉन यांच्या निधनानंतर २१ जून १९६३ रोजी त्यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी सहावे पॉल हे नाव घेतले. दुसरी व्हॅटिकन परिषद अर्ध्यावर होती, ती त्यांनी तडीस नेली. नोव्हेंबर १९६४ मध्ये आपला पोपपदाचा मुकुट त्यांनी संत पेत्राच्या वेदीवर ठेवून गरिबांसाठी देऊन टाकला.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा ते मुंबईत उतरले.

पोपने भारताच्या भूमीवर पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ. निमित्त होते पवित्र साक्रामेंताच्या सन्मानार्थ भरलेल्या ३८ व्या आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेसचे. यजमान होते मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस, आपल्या देशाचे पहिले कार्डिनल. २ डिसेंबर १९६४ रोजी सांताक्रूझ विमानतळावर उपराष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री स्वागताला हजर होते. विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लाखोंची गर्दी होती, आणि तिच्यात ख्रिस्ती थोडे, इतरच जास्त. ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या दिवशी, ओव्हल मैदानावर त्यांनी पाच खंडांतील सहा बिशपांना दीक्षा दिली. इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना तर त्यांनी उपनिषदातील प्रार्थनेचा आधार घेतला. त्या काळी आपल्या पूर्णेहून मुंबईला जायचे तर मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठून तेथे गाडी बदलावी लागे.

अमेरिकन लोकांनी भेट दिलेली एक मोठी लिंकन मोटार या भेटीत पोप महोदयांसाठी वापरली जात होती. जाताना ती त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरांनी त्या मोटारीची सोडत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. पण त्याच भेटीत ४ डिसेंबरला घडलेली गोष्ट फार थोड्यांना आठवते.

त्या दिवशी त्यांनी पत्रकारांच्या हाती जगासाठी एक आवाहन दिले. सर्व राष्ट्रांनी शस्त्रांची स्पर्धा थांबवावी आणि लष्करावर होणाऱ्या खर्चाचा निदान काही भाग एका जागतिक निधीत घालून तो गरीब देशांतील भुकेल्यांसाठी वापरावा, अशी ती मागणी होती. ही मागणी कोणत्या वेळी झाली ते पाहा. दोनच वर्षांपूर्वी चीनने आपल्यावर आक्रमण केले होते. दीड महिन्यापूर्वी, १६ ऑक्टोबरला, त्याच चीनने पहिला अणुबाँब फोडला होता. देशात धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेच्या गव्हाची जहाजे मुंबई बंदराला लागत होती. एका हाताने पोट सावरायचे आणि दुसऱ्या हाताने सीमा, अशी भारताची अवस्था होती. अशा देशात उभे राहून शस्त्रे कमी करा म्हणणे सोपे नव्हते आणि ऐकणाऱ्यांनाही ते सहज पटण्यासारखे नव्हते. मात्र पोप महोदयांचे बोट एकट्या भारताकडे नव्हते. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त शस्त्रे होती, ती मोठी राष्ट्रेच त्यांच्यासमोर होती. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात रांगेत उभे राहून मिलो आणि सुकडी घेतली, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना या मागणीचा अर्थ कदाचित सगळ्यांत आधी कळेल.

जगाने काय केले? वर्षाच्या आतच भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. २३ सप्टेंबर १९६५ ला शस्त्रसंधी झाली आणि पुढे अकराच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, पोप सहावे पॉल न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघापुढे उभे राहिले. यापुढे युद्ध नकोच, असे त्यांनी तेथे कळवळून सांगितले, हे सर्वांना माहीत आहे. मुंबईतली मागणी त्यांनी तेथे मुंबईचे नाव घेऊन पुन्हा केली. त्याच भाषणात आणखीही एक गोष्ट त्यांनी कबूल केली होती. माणूस जोपर्यंत दुबळा, चंचल आणि कधी दुष्टही आहे, तोपर्यंत बचावासाठी शस्त्रे दुर्दैवाने लागतीलच. आमच्या मते हे वाक्य सोडून दिले, तर त्यांचे अर्धेच चरित्र हाती लागते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजावर परिषदेबरोबर त्यांनी सही केली. युद्धाविषयी कॅथलिक शिकवण काय, हे त्यात नीट मांडले आहे. शांततेचे सर्व मार्ग संपले, तर न्याय्य स्वसंरक्षणाचा हक्क सरकारला आहे. जो सैनिक आपल्या लोकांच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे सेवा करतो, तो शांततेचीच सेवा करतो. पण संपूर्ण शहरे रहिवाशांसकट उद्ध्वस्त करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा आहे, मग तो कोणत्याही बाजूने केलेला असो. शिवाय ज्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांना शस्त्र धरू देत नाही, अशांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी.

यातले बरेचसे जुनेच आहे. संत ऑगस्टीन यांचे शहर शत्रूंनी वेढलेले असताना ४३० साली त्यांचे निधन झाले. युद्ध हे दुःखच, पण कधी ते टाळता येत नाही, ही त्यांची शिकवण. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे तीन कसोट्या सांगितल्या : युद्ध अधिकार असलेल्या सत्तेने पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे, आणि हेतू शुद्ध असावा. सूड, लूट, गर्व यांना तेथे जागा नाही. सहावे पॉल यांनी हिरोशिमानंतरच्या जगात या कसोट्या अधिक कडक केल्या. त्यांच्यानंतरच्या पोपनीही ती वाट पुढे नेली. आजच्या शस्त्रांच्या काळात न्याय्य युद्धाबद्दल बोलणेच फार अवघड झाले आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली लिहिले.

आता पुन्हा आपल्या १७ सप्टेंबरकडे येऊ. या कसोट्या त्या कारवाईला लावल्या तर काय दिसते? रझाकारांचा जुलूम खरा होता, गावेच्या गावे त्याखाली होरपळली. कारण न्याय्य होते असे आम्ही निःशंकपणे म्हणू. परंतु कारवाईच्या पाठोपाठ संस्थानाच्या अनेक भागांत, मराठवाड्यातही, सूड म्हणून निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजला. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढे नीट आलाही नाही. झेंड्याला वंदन करताना आपण या मृतांचीही आठवण करावी का? काहींना हे आवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कारण न्याय्य असले म्हणजे त्या कारणाखाली केलेले सगळेच न्याय्य ठरत नाही. सान लोरेन्झोच्या चाळींबाबत जे खरे, ते येथेही खरे आहे.

पोप सहावे पॉल युद्धाच्या बाबतीत यशस्वी झाले, असे म्हणता येणार नाही. व्हिएतनामसाठी त्यांनी दोन्ही बाजूंना पत्रे लिहिली, नाताळच्या युद्धबंदीची मागणी केली, सप्टेंबर १९६६ मध्ये सगळ्या ख्रिस्तसभेला रोझरीची प्रार्थना करायला सांगितले. डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भेटीला आले असता त्यांच्याशीही ते स्पष्ट बोलले. युद्ध चालूच राहिले. मार्च १९६७ च्या परिपत्रकात त्यांनी मुंबईची मागणी तिसऱ्यांदा लिहिली; तो जागतिक निधी उभा राहिला नाही. १ जानेवारी १९६८ पासून नववर्षाचा पहिला दिवस त्यांनी जागतिक शांती दिन म्हणून ठरवून दिला. आपण नववर्षाच्या मिस्सेत जी शांतीची प्रार्थना करतो, तिची सुरुवात तेथून झाली.

काही गोष्टी मात्र केवळ त्यांच्या हातात होत्या, आणि त्या त्यांनी केल्या. १५७१ साली लेपांतोच्या सागरी युद्धात तुर्कांकडून जिंकलेला एक ध्वज शतकानुशतके रोममध्ये जपून ठेवलेला होता. त्याच लढाईच्या विजयावरून आपण ७ ऑक्टोबरला रोझरी मातेचा सण साजरा करतो. १९६५ साली पोप महोदयांनी तो ध्वज तुर्कस्तानला सन्मानाने परत पाठवला. त्यावर काही कॅथलिक नाराज झाले! जिंकलेला झेंडा परत द्यायला जिंकण्यापेक्षा जास्त धैर्य लागते की काय, असे आम्हाला वाटून जाते.

१९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात भीषण चक्रीवादळ आले आणि लाखो माणसे वाहून गेली. मनिलाला जाता जाता पोप महोदय मुद्दाम ढाक्याला उतरले आणि मदत देऊन गेले. दुसऱ्याच दिवशी मनिलाच्या विमानतळावर एका माणसाने त्यांच्यावर सुऱ्याने हल्ला केला. ते जखमी झाले, पण ठरलेला कार्यक्रम त्यांनी मोडला नाही. त्यानंतर वर्षभराने त्याच बंगालच्या भूमीवर युद्ध झाले. लान्स नाईक आल्बर्ट एक्का हा झारखंडचा आदिवासी ख्रिस्ती जवान डिसेंबर १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत मशीनगनचे मोर्चे बंद करता करता मरण पावला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सुरुवातीला ज्या आईची शंका सांगितली, तिला आम्ही आल्बर्ट एक्काचे नाव सांगतो, आणि सान लोरेन्झोचेही. मुलाला भरतीला जायचे असेल तर जाऊ द्यावे. पाचवी आज्ञा बरोबर घेऊन जावे. शरण आलेल्याला आणि नि:शस्त्राला त्याने हात लावू नये, आणि कोणी तसा हुकूम दिला तरी तो पाळू नये.

शेवटची वर्षे त्यांना जड गेली. त्यांच्या विद्यार्थी संघटनेतील जुने स्नेही आणि इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे १९७८ च्या मार्चमध्ये अतिरेक्यांनी अपहरण केले. त्यांना बिनशर्त सोडून द्यावे अशी विनंती करणारे पत्र पोप महोदयांनी स्वतःच्या हाताने अतिरेक्यांना लिहिले. मोरोंना मारण्यात आले. १३ मे रोजी ऐंशी वर्षांचे थकलेले पोप मित्रासाठी प्रार्थना करायला लॅटरन महामंदिरात आले.

त्याआधी काही महिने, डिसेंबर १९७७ मध्ये, मराठवाड्यातील ख्रिस्ती लोकांसाठी अमरावतीपासून वेगळा असा औरंगाबाद धर्मप्रांत त्यांनीच स्थापन केला आणि बिशप डॉमिनिक अब्रिओ यांना पहिले बिशप म्हणून नेमले. आपला परभणी जिल्हा त्याच धर्मप्रांतात येतो. १९६४ साली मुंबईहून परत गेलेले हे पोप तेरा वर्षांनी आपल्या नकाशावर असे सही करून गेले.

६ ऑगस्ट १९७८ च्या रात्री, प्रभूच्या रूपांतराच्या सणाच्या दिवशी, कास्तेल गांदोल्फो येथे त्यांचे निधन झाले. हिरोशिमावर बाँब पडला तीही ६ ऑगस्टच. संत पेत्राच्या चौकात त्यांची साधी लाकडी शवपेटी त्यांच्या इच्छेप्रमाणे जमिनीवरच ठेवली होती, वर फक्त उघडे शुभवर्तमान. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनाही संतपद मिळाले. मरणाच्या आदल्याच दिवशी रोमेरोंनी आपल्या देशाच्या सैनिकांना नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडू नका असे सांगितले होते. संत सहावे पॉल यांचा सण २९ मे रोजी, त्यांच्या गुरुदीक्षेच्या दिवशी येतो.